घरच्या घरी इंजिन खोलताना पेट्रोलच्या नळ्या सोडवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दारात एक जुनी मारुती ८०० उभी असते. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. तिचं इंजिन मी कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये तीनदा खोललं. ब्लॉक बोअरिंगला उद्यमनगरात दिला, बाकीचं सगळं हाताने. पुढे मेहुण्याची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) ८०० आणि शेजाऱ्यांची झेनही त्याच शेडमध्ये येऊन गेली. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक फोन करतात. रिंगा-पिस्टनबद्दल थोडं विचारतात, पेट्रोलबद्दल जास्त, आणि ते बरोबरच आहे. रिंग उलटी बसली तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, पुन्हा उतरवावं लागतं, चार दिवस आणि थोडे पैसे जातात. पेट्रोलच्या नळीत चुकलं तर शेडच जाते.

मला फक्त हेड उतरवायचं आहे. नळ्यांना हात लावायलाच हवा का?

हवा. कार्बोरेटरवाल्या गाडीत पंप कॅमशाफ्टच्या जोरावर चालतो आणि कार्बोरेटर मॅनिफोल्डवर, म्हणजे हेडला जोडलेल्या हवा-पेट्रोलच्या नळकांड्यावर, बसलेला असतो. एमपीएफआयमध्ये इंजेक्टर आणि त्यांना पेट्रोल पुरवणारी नळी, म्हणजे रेल, तिथेच असते. नळ्या तशाच ठेवून मॅनिफोल्ड दोरीने बाजूला टांगायचा मोह होतो. मीही केलं आहे. वीस वर्षांचं रबर ताणाखाली दिवसभर राहिलं की नेमकं क्लिपच्या कडेला चिरतं, आणि ती चीर तुम्हाला दिसते गाडी पुन्हा सुरू केल्यावर.

आधी बॅटरी सोडायची की आधी दाब उतरवायचा?

एमपीएफआय असेल तर आधी दाब, मग बॅटरी. शिस्तीची माणसं इथे हटकून चुकतात. काम सुरू करायचं म्हणून पहिल्यांदा बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून मोकळी होतात, आणि मग लक्षात येतं की दाब उतरवायला सेल्फ मारावा लागतो. मग पुन्हा टर्मिनल लावा, ठिणगी उडवा. तोवर कुणी एखादी नळी सैल केली असेल तर त्या ठिणगीला काय मिळेल ते सांगायला नको.

दाब उतरला की निगेटिव्ह काढा आणि टर्मिनलला फडकं गुंडाळून ते बाजूला वळवा. घरात कुणाला चार्जर लावायची हौस असेल तर बॅटरी उचलून शेडबाहेरच नेऊन ठेवा.

एमपीएफआयमधला दाब नेमका कसा उतरवायचा?

अशा गाडीत विजेचा पंप टाकीतच असतो आणि रेलमध्ये साधारण तीन बारचा दाब ठेवतो. चाकात हवा दोन-सव्वादोन बारची असते, त्यावरून अंदाज घ्या. चावी बंद केली तरी हा दाब तासनतास टिकतो, कारण पेट्रोल मागे जाऊ नये म्हणून पंपात झडप असते.

इंजिन थंड असताना काम सुरू करा. गरम इंजिनवर हा प्रकार केला तर न जळलेलं पेट्रोल तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा डबा) जातं आणि तो खराब होऊ शकतो. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. टाकीचं झाकण उघडून फुस्स आवाज जाऊ द्या आणि झाकण परत लावा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर आतल्या बाजूला आकृती असते, त्यात फ्युएल पंपाचा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारी छोटी डबी) शोधा आणि उपटून काढा. काही गाड्यांत तो बॉनेटखाली असतो, काहींत डॅशबोर्डखाली. आता इंजिन सुरू करा. रेलमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ते थोडा वेळ चालेल, मग अडखळेल आणि बंद पडेल. त्यानंतर दोन-तीन सेकंदांचा सेल्फ दोन-तीनदा मारा. झालं.

यानंतर चेक इंजिनचा दिवा लागला तर घाबरू नका, रिले काढल्याची ती नोंद असते.

दाब उतरला म्हणजे नळी रिकामी झाली असं मात्र नाही. नळी भरलेलीच असते, फक्त पेट्रोल फवाऱ्यासारखं न उडता ओघळतं. त्यामुळे पहिला जोड सोडताना त्याच्याभोवती जाड सुती फडकं गुंडाळायचं, खाली पत्र्याचं पसरट भांडं ठेवायचं आणि डोळ्यांवर गॉगल लावायचा. साधा चष्मा पुरत नाही, तो बाजूने उघडा असतो. ओलं फडकं लगेच उघड्यावर वाळत टाका, शेडच्या कोपऱ्यात बोळा करून टाकू नका.

इंजिन आधीच बंद पडलेलं आहे, सुरूच होत नाही. मग?

रिले काढून नुसता सेल्फ मारला तरी बराच दाब उतरतो, कारण इंजेक्टर उघडत राहतात. सेल्फही फिरत नसेल तर गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी फडक्याच्या आत जोड अगदी हळूहळू सैल करा. काही गाड्यांच्या रेलवर ट्यूबच्या वॉल्व्हसारखी छोटी झडप असते. तिच्यावर फडकं धरून आतली पिन स्क्रू ड्रायव्हरने हलकेच दाबली की काम होतं. गाडी सहा महिने उभी आहे म्हणजे दाब गेलाच असेल, असं धरून चालू नका.

कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीत दाबच नसतो म्हणतात. मग काळजी कसली?

दाब नगण्य असतो हे खरं. यांत्रिक पंप पाव-एक बारने पेट्रोल ढकलतो, तेही इंजिन फिरत असेल तेव्हाच. पण टाकी आहेच की.

हे मी दुसऱ्यांदा इंजिन खोललं तेव्हाचं. मागच्या ब्रेकचंही काम होतं म्हणून गाडीची मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली होती. संध्याकाळी पंपाची नळी काढली, तोंडात फडक्याचा बोळा कोंबला आणि जेवायला गेलो. बोळा म्हणजे बूच नव्हे, तो वातीसारखा पेट्रोल ओढतो, हे तेव्हा सुचलं नाही. मागची टाकी वर, पुढचं नळीचं तोंड खाली, मधली लाईन भरलेली. वक्रनलिका शाळेत शिकलो होतो आणि पेपरात आकृतीही काढली होती. रात्रभर थेंब-थेंब गळत राहिलं. पहाटे उठलो तर इंजिनखालचा ट्रे काठोकाठ भरून फरशीवर ओघळ आलेला, आणि तो उताराने परसाकडे निघालेला. परसात आमचा आंघोळीच्या पाण्याचा बंब. आईने ढलप्या रचल्या होत्या आणि काड्यापेटी हातात घेतली होती. मी ओरडलो. तिने काडी ओढली नाही. मग आधी मला पोटभर बोलली, नंतर आम्ही दोघांनी वाळू टाकली.

त्या दिवसापासून तीन गोष्टी ठरल्या. नळी सोडताना गाडी सपाटीवर, किंवा पुढची बाजू वर. टाकीचं झाकण आधी एकदा उघडून आतली वाफ सोडायची, कारण उन्हात तापलेल्या टाकीतली वाफही पेट्रोल पुढे ढकलते. आणि तोंडाला फडकं नाही, बूच.

बूच कशाचं करायचं?

माझं आवडतं बूच म्हणजे जुनं ड्रिल बिट. ८ मिमी बिटाचा मागचा गुळगुळीत भाग त्या मापाच्या रबरी नळीत घट्ट बसतो, वरून क्लिप आवळायची. बिनआट्याची दांडी असलेला बोल्टही चालतो. आट्याचा बोल्ट घालू नका, आट्यांच्या खाचेतून पेट्रोल पाझरतं आणि नळी आतून खरवडली जाते. नळी पक्कडीने चिमटून ठेवायची पद्धत गॅरेजमध्ये दिसते. जुन्या रबराला ती आतून चिरते.

इंजिनकडची तोंडं, म्हणजे रेल, इंजेक्टर, कार्बोरेटरचा निप्पल (नळी चढवायचं टोक), यांना प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरतं. तिथे गळतीपेक्षा धुळीची भीती जास्त. वाळूचा एक कण इंजेक्टरच्या जाळीत बसला की गाडी महिनाभर नखरे करते.

टाकी रिकामी करायलाच हवी का? आणि तोंडाने ओढलं तर?

इंजिन खोलायचं ठरलंच असेल तर आधीचे आठ दिवस पेट्रोल भरू नका, काटा खाली येऊ द्या. सगळ्यात सोपा उपाय तोच. टाकीत दोन-चार लिटर राहिलं तरी नळीला बूच नीट असेल तर चालतं. टाकीच उतरवायची असेल तेव्हा मात्र पूर्ण काढा, आणि हेही लक्षात ठेवा की रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. आत द्रव नसतो, वाफ आणि हवा असते. तिला वेल्डिंग करायचं मनातही आणू नका.

तोंडाने ओढणं बंद करा. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की सांगणाराच बावळट ठरतो. पण पेट्रोल पातळ असतं, ठसका लागला की सरळ फुप्फुसात जातं आणि तिथे दाह करतं. पोटात गेलं तर उलटी काढायची नसते, कारण वर येताना ते पुन्हा फुप्फुसात शिरतं. थेट दवाखाना. फुगा दाबायचा हातपंप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो घ्या.

नळी निघतच नाही. किती जोर लावू?

ओढू नका, पिळा. वर्षानुवर्षं बसलेलं रबर धातूला चिकटलेलं असतं. क्लिप मागे सरकवा, नळी पक्कडीत हलक्या हाताने धरून डावी-उजवी फिरवा. एकदा का चिकटलेली कड सुटली आणि नळी जागेवर फिरायला लागली की हाताने निघते. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर कार्बोरेटरचा पितळी निप्पल वाकतो किंवा उपटून हातात येतो, आणि मग जुन्या बाजारात कार्बोरेटर शोधत फिरावं लागतं.

नळी बदलणारच असाल तर सरळ ब्लेडने लांबीत चिरा. ब्लेड निप्पलला टेकू देऊ नका, तिथे उठलेला ओरखडा पुढे कायम पाझरतो.

प्लॅस्टिकचा खटकेवाला जोड कसा काढायचा?

आधी धूळ फुंकून किंवा ब्रशने काढा, कारण माती आत अडकली की खटका हलतच नाही. मग नळी ओढायच्या ऐवजी आधी आत ढकला. खटक्यावरचा ताण गेला की दोन्ही बाजूंच्या पाकळ्या बोटांनी दाबा आणि सरळ मागे ओढा. पाकळ्या पक्कडीने दाबल्या की तुटतात. प्लॅस्टिक जुनं झालेलं असतं. परत लावताना टक् असा आवाज आला पाहिजे आणि नंतर ओढूनही जोड जागचा हलता कामा नये. नुसता आवाज ऐकून सोडू नका.

कोणती नळी कुठली, हे गोंधळायला होतं.

होणारच. माझ्या ८०० च्या पंपाला तीन नळ्या आहेत: टाकीकडून येणारी, कार्बोरेटरला जाणारी आणि उरलेलं टाकीत परत नेणारी. शेजारी व्हॅक्यूमच्या नळ्या, दिसायला सख्ख्या बहिणी. येणारी आणि परतीची उलटसुलट लागली तर गाडी सुरू होत नाही आणि तुम्ही दोन दिवस प्लग, पॉइंट तपासत बसता. सोडण्याआधी तीन बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, आणि नळीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून पेनाने आकडा टाका. नळीवर आणि निप्पलवर एकच आकडा. स्केचपेन नको, पेट्रोल लागलं की शाई धुऊन जाते. मी आता टेपला कात्रीने खाचा पाडतो: एक खाच, दोन खाचा, तीन खाचा.

हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं तर चालेल?

तळघरातल्या पार्किंगमध्ये अजिबात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरते आणि खड्ड्यात, गटारात, जिन्याखाली साठते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की ती पेट घेऊ शकते. शून्याखाली ४० अंशांनाही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्या हिवाळ्याने काही फरक पडत नाही.

मोकळं अंगण उत्तम. शेड असेल तर दोन्ही बाजू उघड्या हव्यात. आजूबाजूला ठिणगी कुठून येईल ते घरभर फिरून बघा: पाण्याच्या मोटरचा स्टार्टर, इन्व्हर्टर, गॅस गिझर, देवघरातली निरांजन. दिवाळीच्या सुटीत वेळ मिळतो म्हणून काम काढणाऱ्यांनी गल्लीतल्या पोरांच्या फटाक्यांचाही विचार करावा.

उजेडासाठी काय वापरू? मोबाइल बंद ठेवायचा का?

मोबाइलची भीती वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. खरा खलनायक म्हणजे वायरला लोंबणारा पिवळा बल्ब. तो निसटून पडतो, काच फुटते आणि तापलेली तार ओल्या फरशीवर पडते. डोक्याला बांधायची एलईडी बॅटरी घ्या आणि ती काम सुरू करण्याआधीच लावा. पंखा हवाच असेल तर तो लांबून, तुमच्याकडून बाहेरच्या दिशेने हवा ढकलेल असा ठेवा.

काढलेल्या नळ्या परत वापरू का?

रबरी नळ्या नवीन घाला. एवढी स्वस्त आणि एवढी महत्त्वाची वस्तू गाडीत दुसरी नाही. शिवाय आता पेट्रोल पंपावर बहुतेक ठिकाणी मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, कधी आतून सोलून काळे तुकडे कार्बोरेटरमध्ये पाठवतं. नळी वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर प्रश्नच मिटला.

दुकानात नुसती 'पेट्रोलची नळी' मागू नका. नळीवर छापलेलं वाचा. कार्बोरेटरला एसएई जे ३० आर ७ चालते, इंजेक्शनच्या गाडीला आर ९ लागते. पारदर्शक प्लॅस्टिकची लेव्हलची नळी किंवा स्वयंपाकाच्या गॅसची नळी लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मालक खूश होते.

क्लिपचंही तसंच. खाचा आरपार असलेली जुबिली क्लिप जास्त आवळली की त्या खाचांतून रबर कापलं जातं. पेट्रोलला आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप बरी. नळी निप्पलवर दोन-अडीच सेंटिमीटर चढवायची, क्लिप फुगवट्याच्या मागे बसवायची, अगदी टोकाला नाही. बॅन्जो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून पेट्रोल जातं तो) असेल तर तांब्याचे वायसर दर वेळी नवे. जुने चेपलेले वायसर आवळून आवळून आटे जातात आणि गळती तशीच राहते.

काढलेलं पेट्रोल कुठे ठेवू?

धातूच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, सावलीत, घराबाहेर. कॅन भरताना जमिनीवर ठेवा. पाण्याच्या बाटल्यांत तर नकोच. ती बाटली उन्हाळ्यात कुणीतरी तोंडाला लावतंच. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, आणि भांडं धातूचं असेल तर ते २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. आपल्याला एवढं लागतही नाही. दोन-तीन महिन्यांत वापरून टाका. वार्निशसारखा वास यायला लागला किंवा तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर ते गाडीत घालू नका. गटारात ओतणं म्हणजे गल्लीत सुरुंग पेरणं.

मेस्त्री पेट्रोलनेच पार्ट आणि हात धुतात. आपण धुतले तर?

पार्ट डिझेल किंवा रॉकेलने धुवा. हात साबणाने धुवा. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, ते कर्करोगकारक आहे आणि कातडीतून आत जातं. काम करताना निळे नायट्राइलचे हातमोजे घाला, साधे रबरी मोजे पेट्रोलमध्ये मऊ पडतात.

माझी गाडी डिझेल आहे. हेच सगळं लागू?

डिझेल सहज पेटत नाही, पण कॉमन रेलवाल्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून डिझेल देणाऱ्या) इंजिनात दाब हजार बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना कोणताही जोड सैल करायचा नाही. जुने मेस्त्री इंजेक्टरचा नट सैल करून कोणता सिलिंडर मारत नाही ते ओळखायचे, ती युक्ती जुन्या पंपांची. इथे ती धार कातडी फोडून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आतल्या आत बोट सडतं. असं झालं तर मलम लावत बसू नका, तासाभरात सर्जनकडे जा. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. रेल ते इंजेक्टरचे पोलादी पाइप एकदा सोडले की बहुतेक कंपन्या नवे घालायला सांगतात, तेही खर्चात धरा.

सीएनजी किट असेल तर?

सिलिंडरची झडप बंद करा, लाईनमधला गॅस इंजिन चालवून संपवा आणि पुढचं किटवाल्याला करू द्या. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाब असतो. मी त्या पाइपला हात लावत नाही.

सगळं बांधून झालं. पहिल्यांदा सुरू करताना काय बघायचं?

आधी ऑईलची डिपस्टिक काढून वास घ्या. कार्बोरेटरवाल्या गाडीत पंपाचा पडदा फाटला असेल तर पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. पातळी वाढलेली असते आणि वास लपत नाही. तसं असेल तर पंप बदला, ऑईल बदला, त्याआधी सेल्फ मारू नका.

आग विझवायचा दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर गाडीपासून दोन-तीन पावलांवर, दरवाजाच्या बाजूला. गाडीखाली ठेवला तर आग लागल्यावर हात पोचणार नाही. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, ती पसरते. आणि एक माणूस सोबतीला हवा.

एमपीएफआय असेल तर रिले बसवा, बॅटरी जोडा, इंजिन सुरू न करता चावी ऑनवर तीन सेकंद ठेवून बंद करा. असं तीन-चारदा. पंप तेवढ्यात दाब तयार करतो. मग प्रत्येक जोडाभोवती कोरडा पांढरा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा त्यावर लगेच उमटतो. कोरडा निघाला तर इंजिन सुरू करा, पाच मिनिटं चालवा, बंद करा आणि तोच कागद पुन्हा फिरवा, कारण गरम झाल्यावर रबर सैलावतं. माझ्या गाडीत तिसऱ्या खेपेला परतीच्या नळीवर कागद ओला निघाला होता. क्लिप अर्धा आटा आवळली, कागद कोरडा आला, आणि मग आईला सांगितलं, बंब पेटव.